स्किझोफ्रेनियाच्या गोळ्यांनी हार्ट खराब होतं का? दादाच्या गोळ्या बंद करू का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांनाही कळावं म्हणून थोडक्यात परत लिहितो. दादा ४३ वर्षांचे, १६ वर्षांपासून स्किझोफ्रेनिया, रात्री ओलान्झापिन १५ मिलिग्रॅम, सोबत हातपाय अकडू नयेत म्हणून ट्रायहेक्सी दोन वेळा. तंबाखूचा खर्रा खातात. वजन ६४ किलो होतं, आता ९१. गेल्या दहा दिवसांपासून दुसऱ्या मजल्यावर चढताना छाती जड होते, दम लागतो, थांबलं की पाच मिनिटांत बरं वाटतं. एका ठिकाणी कॅज्युअल्टीत नेलं तर जुनी फाईल पाहून "मेंटलचे पेशंट आहेत ना, टेन्शन असेल" म्हणून ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं, ईसीजी काढलाच नाही. अन् आता घरचे सगळे म्हणून राहिले की या डोक्याच्या गोळ्यांनीच हार्ट गेलं, फेकून द्या.

बाकीचं उत्तर नंतर वाचा, आधी दादाला घेऊन निघा. चढताना छाती जड अन् थांबलं की बरं, आणि हे दहा दिवसांतच सुरू झालेलं, याला कोणीही डॉक्टर ॲसिडिटी म्हणत असेल तर आधी हार्ट तपासून मग म्हणावं. नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी हॉस्पिटलला जा, जवळच्या कोणत्याही कार्डियाकवाल्याकडे जा, पण आजच. ईसीजी, ट्रोपोनिन ही हार्टच्या इजेची रक्ततपासणी (एकदा नाही, काही तासांनी परत), मग टू-डी इको. आरामात पडलेल्या माणसाचा ईसीजी नॉर्मल येऊ शकतो, त्यामुळे "ईसीजी नॉर्मल आहे, जा घरी" एवढ्यावर समाधान मानू नका, पुढे टीएमटी (पट्ट्यावर चालवून ईसीजी) की अँजिओ ते कार्डियोलॉजिस्ट ठरवतील. आणि घरी बसल्या बसल्या दुखायला लागलं, घाम सुटला, दहा-पंधरा मिनिटांत थांबलं नाही, तर १०८ लावा. ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल, अल्सर किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर ३०० ची गोळी चावून द्या. स्कूटरवर मागे बसवून नेऊ नका.

तिथे गेल्यावर एक करा. पहिल्या वाक्यात स्किझोफ्रेनिया सांगू नका. लपवा असं म्हणत नाही, गोळ्यांची लिस्ट तर द्यायचीच आहे, पण सुरुवात अशी करा: "वय ४३, खर्रा खातात, वजन ९१, चढताना छाती भरून येते, दहा दिवस झाले." हे ऐकल्यावर ड्युटीवरचा पोट्टाही आधी ईसीजीची मशीनच ओढतो. नंतर लिस्ट द्या. मला हे लिहायला बरं वाटत नाही, पण मी नागपुरात २२ वर्षं मानसोपचाराची प्रॅक्टिस करून राहिलो अन् असं पुन्हा पुन्हा पाहिलंय. फाईलवर एकदा मानसिक आजार लिहिला की त्यानंतर माणसाला जे काय होईल ते सगळं त्याच खात्यात जमा होतं.

दुसऱ्याला काय नावं ठेवायची, मी स्वतः चुकता चुकता वाचलो आहे. खूप वर्षांपूर्वीची गोष्ट, ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलून सांगतो. पन्नाशीचा पेशंट, त्याला कायम वाटायचं की एक बिल्डर त्याच्या मागे आहे, घरात माणसं पाठवतो. डिसेंबरच्या एका सकाळी म्हातारी आई त्याला घेऊन आली. तो म्हणे, "बिल्डरच्या माणसांनी छातीत सिमेंट भरलं, आता ते घट्ट होऊन राहिलं." मी मनात म्हटलं, वाढलं दिसतंय, डोस वाढवावा लागेल. पेन उचलला होता. तेवढ्यात आई म्हणाली, "साहेब, ते बिल्डरचं तर नेहमीचंच आहे, पण याची बनियन पाहा न, पिळून निघेल इतकी ओली, अन् बाहेर तर स्वेटरची थंडी." हात लावून पाहिला तर अंग गार, घामानं चिपचिप. ईसीजी काढला, खालच्या भिंतीचा हार्ट अटॅक चालू होता. सिमेंटच होतं हो ते, फक्त बिल्डरनं भरलं नव्हतं. तो वाचला, नंतर बरीच वर्षं माझ्याकडे येत होता. पण त्या माउलीनं बनियनचं सांगितलं नसतं तर मी रिस्पेरिडोन दोनचं चार करून घरी पाठवलं असतं.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. भ्रमाचा विषय जुना असेल पण तक्रार नवीन असेल, तर तक्रार खरी समजायची. बिल्डर जुना होता, छाती नवीन होती. आणि हेही लक्षात ठेवा की स्किझोफ्रेनियाच्या बऱ्याच पेशंटना दुखणं कमी जाणवतं, किंवा जाणवलं तरी ते सांगत नाहीत. छातीत फार न दुखता अटॅक येऊन गेला अन् महिन्यानं ईसीजीत सापडला, असंही होतं. तुमचे दादा स्वतःहून "छाती जड होते" म्हणाले म्हणजे त्यांना बरंच झालं असणार.

आता तुमचा मूळ प्रश्न. गोळ्यांनी हार्ट गेलं का?

थोडा हात आहे, सगळा नाही. ओलान्झापिन अन् क्लोझापिन या दोन गोळ्या वजन वाढवण्यात सगळ्यात पुढे, त्यात वाद नाही. मेंदूतले भूक आवरणारे काही रिसेप्टर त्या बंद करतात, मग माणसाचं पोट भरलं तरी डोक्याला पत्ता लागत नाही. वजनासोबत शुगर चढते, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) चढतात, आणि शुगर तर कधी कधी वजन फारसं न वाढताही चढते. क्वेटियापिन, रिस्पेरिडोन मध्ये कुठेतरी. अरिपिप्राझोल, लुरासिडोन, झिप्रासिडोन वजनाच्या बाबतीत बऱ्या. पण हा आजार अन् शुगर यांचं नातं गोळ्यांच्या आधीपासूनचं आहे. हेन्री मॉड्सली नावाच्या इंग्रज डॉक्टरनं १८७९ मध्येच लिहून ठेवलंय की ज्या घराण्यात वेडेपणा दिसतो तिथे मधुमेह पण बरेचदा दिसतो. तेव्हा कुठली आली ओलान्झापिन, पहिली अँटिसायकोटिक गोळीच १९५० नंतरची.

त्यात रोजचा दिवस मिळवा. सकाळी अकराला उठणं, दिवसभर खाटेवर, चालणं झालंच तर पानठेल्यापर्यंत. नोकरी नाही, मित्र सुटले. तुम्ही लिहिलंय की दादा दिवसाला आठ-नऊ कप चहा घेतात. एका कपात दोन चमचे साखर धरली तरी दिवसाला ८०-९० ग्रॅम साखर नुसती चहातून पोटात चालली. ही साखर ओलान्झापिननं नाही टाकली, पण ओलान्झापिनची भूक अन् ट्रायहेक्सीनं कोरडं पडलेलं तोंड, दोन्ही मिळून माणसाला त्या चहाकडे ढकलतात, म्हणून वेगळं वेगळं हिशेबाला बसता येत नाही.

गंभीर मानसिक आजार असलेली माणसं बाकीच्यांपेक्षा साधारण १० ते २० वर्षं आधी जातात, आणि त्यात आत्महत्येपेक्षा जास्त माणसं हार्ट अन् रक्तवाहिन्यांच्या आजारानं जातात. नातेवाईक ओढणी, दोरी, फिनाईल लपवून ठेवतात, ते बरोबरच आहे, पण बीपी मोजायचं कोणाच्या डोक्यात येत नाही. डॉक्टरांच्याही नाही येत, खरं सांगायचं तर.

मग बंद का नाही करायच्या? फिनलंडमध्ये ६६,८८१ स्किझोफ्रेनिया पेशंटचा ११ वर्षांचा अभ्यास झाला, २००९ मध्ये लॅन्सेटला छापून आला. गोळ्या नियमित घेणाऱ्यांपेक्षा अजिबात न घेणाऱ्यांमध्ये मृत्यू जास्त होते. अन् ज्या क्लोझापिनला वजनासाठी सगळे शिव्या देतात तिच्यावर सगळ्यात कमी. त्या अभ्यासावर टीका पण झाली, पण २०२० मध्ये त्याच देशातून २० वर्षांचा हिशेब आला तेव्हाही कल तोच, अन् हार्टनं होणाऱ्या मृत्यूंमध्येही तोच. मला विचाराल तर कारण साधं आहे. गोळी सुटली की आजार उलटतो, मग माणूस बीपीची गोळी कशाला घेईल, तो तर जेवणात विष कालवलंय म्हणून ताटही सरकवतो. दादाची अँजिओप्लास्टी करावी लागली तर त्यानंतर रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या महिनोन्‌महिने न चुकता लागतात, मध्येच सुटल्या तर स्टेंट (रक्तवाहिनीत बसवलेली जाळी) बंद पडू शकतो. डोकं जागेवर नसलेला माणूस त्या घेईल का, तुम्हीच सांगा. म्हणून घरच्या घरी, कोणाला न विचारता, आजपासून बंद, असं करू नका.

बदलायच्या का, हा प्रश्न मात्र नक्की विचारण्यासारखा आहे, अन् तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांनाच विचारा. १६ वर्षांत दादा किती वेळा ॲडमिट झाले, ओलान्झापिनच्या आधी काय काय देऊन झालं होतं, त्यावर ठरतं. चार गोळ्या फेल जाऊन ओलान्झापिनवर स्थिर झाले असतील तर मी हात लावायला घाबरीन. पहिल्यांदाच ही दिली अन् तेव्हापासून तशीच चालू आहे (असे पेशंट ढीगभर आहेत), तर हळूहळू, काही आठवडे दोन्ही गोळ्या सोबत ठेवून अरिपिप्राझोलसारख्या गोळीवर नेता येतं. पण हार्टची तपासणी चालू असताना ही अदलाबदल नको, आधी तो विषय मार्गी लागू द्या. गोळी बदलायची नसेल तर मेटफॉर्मिन जोडता येते, शुगर नसलेल्यांनाही देतात, सरासरी तीनेक किलो कमी होतं. तीन किलो ऐकून लोक नाक मुरडतात. पण वाढत चाललेलं वजन थांबलं हीच त्यात मोठी गोष्ट असते.

ट्रायहेक्सीचं पण विचारा. ही गोळी हातपाय अकडू नये, थरथर होऊ नये म्हणून देतात. ओलान्झापिनवर अकडणं तसं कमीच असतं, तरी जुन्या प्रिस्क्रिप्शनवर ती वर्षानुवर्षं कॉपी होत राहते. तोंड कोरडं, संडास घट्ट, ठोके जलद, विसरभोळेपणा हे सगळं तिच्या खात्यावर. गरज नसेल तर हळूहळू कमी करता येते, एकदम नाही.

आता खर्रा. बाहेरच्या लोकांना सांगावं लागतं, सुपारी-तंबाखू-चुना घोटून पन्नीत बांधून देतात ते. राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे, खर्र्याला काही फरक पडलेला दिसत नाही. तोंडाच्या कॅन्सरचं सगळ्यांना माहीत आहे, पण तंबाखू चघळली तरी ठोके अन् बीपी वाढतंच, रक्तवाहिन्या आखडतातच, हार्टला हे कोणी सांगत नाही की "हे धूर नाही, चालेल". बिडी-सिगारेटची अजून एक भानगड आहे जी वॉर्डात फार कमी जणांच्या लक्षात येते. धुरातल्या रसायनांमुळे लिव्हर ओलान्झापिन अन् क्लोझापिन भराभर संपवतं. म्हणजे बिडी ओढणाऱ्याला जास्त डोस लागतो. मग तो माणूस अटॅक येऊन सीसीयूमध्ये (हार्टच्या आयसीयूत) ॲडमिट झाला, आठवडाभर बिडी बंद, तर त्याच डोसवर रक्तातली गोळी वाढते अन् तो पेंगायला लागतो, बीपी पडतं, क्लोझापिनवर असेल तर फिटही येऊ शकते. सगळे म्हणतात हार्टमुळे खचला. म्हणून ॲडमिट झालात तर बिडी किती ओढत होते ते सांगा, अन् मानसोपचारतज्ज्ञांना एक फोन लावा. खर्र्याचं तसं नाही, तो सुटल्यानं गोळीची पातळी हलत नाही, कारण ते काम निकोटीनचं नाही, धुराचं आहे. त्यामुळे दादाचा खर्रा बिनधास्त सोडवा. सोडवायला १८००११२३५६ हा सरकारी फुकट नंबर आहे, अन् निकोटीनची च्युइंगगम पण मिळते, नुकताच हार्टचा त्रास झाला असेल तर कार्डियोलॉजिस्टला विचारून.

कार्डियोलॉजिस्टकडे अजून एक आकडा विचारून घ्या, क्यूटीसी, म्हणजे एका ठोक्यानंतर हार्टला पुन्हा तयार व्हायला लागणारा वेळ, मिलिसेकंदात. ईसीजीच्या कागदावर वर छापलेलाच असतो. पुरुषांमध्ये ४५० पर्यंत ठीक, ५०० च्या वर गेला तर धोक्याचा, ठोक्यांची लय अचानक बिघडू शकते. ओलान्झापिन या बाबतीत बरीच सोज्वळ आहे. हॅलोपेरिडॉल, झिप्रासिडोन, अमिसल्प्राइड, एस्सिटालोप्राम यांच्याकडे लक्ष ठेवावं लागतं, अन् त्यात जुलाब-उलट्यांनी पोटॅशियम पडलं किंवा वरून अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं तर जास्तच. क्लोझापिन ज्यांना नवीन सुरू होते त्यांनी पहिले दीड-दोन महिने ताप, धाप, छातीत दुखणं, ठोके जलद यातलं काही झालं तर "व्हायरल असेल" म्हणून घरी बसू नये, हार्टच्या स्नायूला सूज येऊ शकते. दुर्मिळ आहे, पण लवकर पकडली तर गोळी थांबवून बरी होते.

ज्यांच्या घरी लिथियम आहे (बायपोलरवाले), त्यांच्यासाठी दोन ओळी. बीपीसाठी टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल किंवा लघवीची गोळी सुरू झाली तर लिथियमची लेव्हल वाढते. गुडघ्यासाठी मेडिकलमधून डायक्लोफेनॅक, आयब्रुफेन आणलं तरी वाढते. बीपीची गोळी लिहिणाऱ्याला लिथियमचं सांगा अन् आठवड्याभरात लेव्हल करा.

आणि आपला मे महिना. ४५ च्या वर पारा, अन् ट्रायहेक्सी, क्लोझापिन, ओलान्झापिन घेणाऱ्याला घाम नीट येत नाही, तहान लागली तरी तो उठून पाणी घेत नाही. लिथियमवाल्याचं पाणी कमी झालं की लेव्हल चढते. हात जोरात थरथरायला लागले, चाल लडबडली, जुलाब लागले तर गोळी थांबवून लगेच तपासा. हार्टचा पेशंट असेल तर पाणी किती प्यायचं ते डॉक्टरांनी मोजून दिलेलं असतं, तेवढंच. दुपारी बारा ते पाच बाहेर नाही, कूलरजवळ. आमच्याकडे उन्हाळ्यात "दोन दिवसांपासून बडबडून राहिला, आजार वाढला" म्हणून आणलेल्या पेशंटला आधी थर्मामीटर लावतो मी.

खाण्यापिण्याचं मोठं व्याख्यान देत नाही, कारण स्किझोफ्रेनियाच्या माणसाला डाएट चार्ट दिला की तो फ्रिजवर चिकटतो अन् तिथेच राहतो. दोन गोष्टी धरा. चहा नऊचे चार करा, त्यात साखर अर्धी, अन् दादाला सांगून करा, चोरून नाही. जेवणात काहीतरी कालवलंय असा संशय ज्याला एकदा येऊन गेलाय त्याच्या चहात गुपचूप बदल करायचा नसतो. दुसरं, रात्रीची गोळी घेतल्यावर अकरा-बाराला जी भूक लागते तेव्हा हाताला काय लागतं ते बदला. फरसाणाचा डबा हलवा, तिथे फुटाणे, मुरमुरे, काकडी ठेवा. रविवारची तर्री-पोह्याची प्लेट मी बंद करायला सांगत नाही, त्यावरच्या तर्रीचा तवंग मात्र कमी. चालण्याचं कार्डियोलॉजिस्टनं हो म्हटल्यावरच, अन् एकट्याला "जा फिरून ये" म्हणून काही होत नाही, कोणीतरी सोबत जावं लागतं. माझ्या एका पेशंटचा भाचा रोज संध्याकाळी त्याला घेऊन फुटाळा तलावावर जातो, दोघं एक शब्द बोलत नाहीत, चाळीस मिनिटं चालून परत येतात. वर्षात सहा किलो उतरले.

एक साधी दोनशे पानी वही करा. वजन, कंबर, बीपी, उपाशी शुगर किंवा एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), लिपिड (कोलेस्टेरॉल वगैरे), तारखेसकट. नवीन गोळी सुरू झाली की वजन दर महिन्याला, रक्ताच्या तपासण्या तीन महिन्यांनी अन् मग वर्षातून एकदा तरी. आपल्या लोकांत पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत, बायकांची ८० च्या आत हवी, टेप बेंबीच्या पातळीवर धरा, पॅन्टचा नंबर सांगू नका, पॅन्ट पोटाखाली घालतात सगळे. कोलेस्टेरॉलची गोळी, म्हणजे स्टॅटिन, लागली तर द्या, मनाच्या बहुतेक गोळ्यांशी तिचं जमतं, कार्बामाझेपिन चालू असेल तेवढं सांगा. ही वही मानसोपचारवाल्यालाही दाखवायची अन् हार्टवाल्यालाही. आम्ही दोघं एकमेकांशी बोलत नाही हो, मी म्हणतो बीपी फिजिशियन पाहतील, फिजिशियन म्हणतात हा तर मानसोपचाराचा पेशंट. दोन्ही टेबलांवर एकच वही आली की कोणाला तरी लाज वाटते.

खर्चाचं विचारलंत. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते, योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये रेशनकार्ड अन् आधार घेऊन आरोग्यमित्राच्या टेबलावर जा. "मानसिक पेशंट आहे, प्रोसिजरला सहकार्य करणार नाही" असं कोणी म्हटलं तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मानसिक आजाराच्या माणसाला बाकी पेशंटसारखीच वागणूक मिळण्याचा हक्क आहे, ते शांतपणे बोला, अन् तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांकडून "सध्या स्थिर आहेत, गोळ्या चालू ठेवाव्यात" अशी दोन ओळींची चिठ्ठी आणा. भांडणापेक्षा ती चिठ्ठी लवकर काम करते. रात्री-बेरात्री दादा घाबरले, झोपेनात, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, मराठीतही बोलतात.

ॲडमिट केलं तर रात्रीची ओलान्झापिन सोबत न्या अन् नर्सच्या हातात द्या, सीसीयूच्या धावपळीत पहिली राहते ती हीच गोळी. दादाला पण सगळं सांगून न्या, मशीन कशाची, छातीला वायर का लावतात, आधीच सांगा. वायरीचं बरेच जण मनात वेगळंच घेतात.

ईसीजी अन् ट्रोपोनिन झालं की इथेच लिहा, क्यूटीसीच्या आकड्यासकट. मग गोळी बदलण्याचं बोलू.